अकरा मिनिटं शिल्लक

माझ्या उजव्या हातात वारं शिरलंय.
पुंता अरेनासमध्ये वाऱ्याचं कौतुक कुणाला नाही,
इथे चौकात दोर बांधतात, धरून चालायला.
पण हे वारं खिडक्या बंद असतानाचं,
कपातला चहा बशीत आणणारं.

चाळीस वर्षं मेंढ्या भादरल्या मी.
एकीच्याही कातडीवर ओरखडा नाही.
बरं, दोघींच्या.
नेलिदा हे वाचणार आहे.

नेलिदा वेधशाळेत होती.
मी छापून आणलेला कागद तिच्यापुढे सरकवला:
थरथर निम्म्यावर! ठळक अक्षरात.
तिने चष्मा पुसला, पेन्सिल शोधली.

किती माणसं?
एकोणीस.
किती दिवस?
सहा आठवडे.
आणि ज्यांना नुसती खडूची गोळी दिली, ते?
मी पान उलटलं. खडूवाले नव्हतेच कुणी.
तळटीपेत, मुंगीएवढ्या अक्षरांत, आणखी सातजण सापडले.
मधेच सोडून गेलेले.
का गेले, ते कुणी लिहिलं नव्हतं.
पैसे कुणाचे, हे तिने शेवटच्या ओळीत स्वतःच शोधलं:
गोळी बनवणाऱ्याचेच.

"एका दुपारच्या वाऱ्यावरून
मी कधी हवामान लिहिलं नाही, रेमिहियो."

तुला आकडे दिसतात, मी म्हणालो, मला माझा हात दिसतो.
तिने बशीतला चहा परत कपात ओतला.

ती झोपल्यावर मी दुकान उघडलं.
पडद्यावर हिरवा क्रॉस, पांढऱ्या कोटातली हसरी बाई,
आणि एक घड्याळ: अकरा मिनिटं शिल्लक.
चिठ्ठी नको. डॉक्टर नको.
पत्ता नाही, फोन नाही.
त्यांना फक्त मी हवा होतो,
आणि माझ्या कार्डावरचे सोळा आकडे.
थरथरत्या बोटाने मी तीनदा चुकलो,
आणि तीनदा ते घड्याळ पुन्हा अकरावर आलं,
मोठ्या मायेनं.
तेव्हाच कळायला हवं होतं.

सव्वीस दिवसांनी खोकं आलं.
खोक्यावर एक क्रमांक, पट्टीवर दुसरा.
तारखेवर चिकटवलेली तारीख.
माहितीचा कागद नाही.
वरच्या गोळ्या पांढऱ्या, खालच्या जराशा पिवळट.

हे मात्र मला कुणी शिकवायला नको.
गासडीत वर पाठीची लोकर भरायची
आणि आत पोटाची, शेणाने माखलेली:
असले व्यापारी मी हात खुपसून पकडलेत.
एक गोळी तळव्यावर घेतली.
ती तिथे टिकली नाही,
उडी मारून चुलीखाली गेली.
हाताने आयुष्यात दुसऱ्यांदा मला वाचवलं.
पहिल्यांदाची गोष्ट दारूची आहे, ती नंतर.

नेलिदाला सांगितलं. ती "तरी सांगत होते" म्हणाली नाही.
म्हणाली असती तर बरं वाटलं असतं.

दानित्सा मारुसिचने औषधाच्या दुकानात खोकं उलटंसुलटं केलं,
माझ्या रक्तदाबाच्या गोळीचं नाव विचारलं,
आणि गप्प झाली.
मग म्हणाली, हे इथेच राहू दे, कचऱ्यात नको टाकू.
ऑनलाइन घ्यायचंच तर असं घे:
परवान्याचा नंबर बघ,
तो सरकारी यादीत स्वतः शोध,
दुकानाने दिलेल्या दुव्यावरून नाही.
आणि तुझ्याकडे चिठ्ठी मागतील, त्यांच्याकडूनच घे.
मी चिठ्ठी मागितल्यावर तू माझ्यावर किती चिडायचास,
आठवतंय?

आठवत होतं.

आता डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी घेतो.
रोज सकाळी चहा झाला की नेलिदा माझी बशी उचलते,
सांडलेला चहा मोजपात्रात ओतते, वहीत आकडा लिहिते.
काल दोन चमचे. परवा साडेतीन. त्याआधी दोनच.
कमी होतंय ना, मी विचारतो.

ती वही मिटते.
हिवाळा संपेपर्यंत
ती काही बोलणार नाही.